जुन्या फायलींमधला मराठी मजकूर छोट्या स्क्रिप्टने कसा सोडवायचा : सीमाभागातल्या संस्थांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या वाचनालयांच्या ग्रंथयाद्या, सोसायट्यांच्या सभासद याद्या, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका असं बरंच काही कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर पडून आहे. फाइल आहे, पण उघडत नाही. उघडली तर वाचता येत नाही, वाचता आली तर त्यात शोधता येत नाही. त्यावर लोक पुन्हापुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत.

पायथॉन यायलाच हवं का?

थोडं हवं. पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, आणि स्क्रिप्ट म्हणजे तिच्यात लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. फाइल उघडणं, एकेक ओळ वाचणं, एका मजकुराच्या जागी दुसरा घालणं आणि नव्या फाइलीत लिहिणं एवढं जमलं की इथलं बहुतेक काम होतं. तुमच्या संस्थेत कुणाला येत नसेल तर गावात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणारी मुलं आहेत. त्यांना बोलवा आणि हे पान त्यांच्यासमोर ठेवा. स्क्रिप्ट पन्नास-साठ ओळींची होते. मात्र काय बरोबर आणि काय चूक हे सांगणारा, गावातली नावं माहीत असलेला माणूस शेजारी बसायलाच हवा.

त्यापेक्षा सगळं पुन्हा टाइप करून घेतलं तर?

दहा पानं असतील तर खुशाल घ्या. दोनशे पानांची स्मरणिका असेल तर नको. टाइप करणारा थकला की ओळ गळते, आणि गळलेली ओळ नंतर कुणाला सापडत नाही. स्क्रिप्टही चुकते, पण एकच चूक ती सगळीकडे सारखी करते, म्हणून ती एकदा सापडली की सगळीकडची दुरुस्त होते.

फाइल वाचायला घेतली की पहिल्याच ओळीत एरर येतो. फाइल खराब झाली का?

बहुधा नाही. विंडोजवर पायथॉनला एन्कोडिंग, म्हणजे फाइलीतले आकडे कुठल्या कोष्टकाने अक्षरांत वाचायचे हे, सांगितलं नाही, तर ते आजवर बहुतेक आवृत्त्यांत विंडोजचं पाश्चात्त्य कोष्टक धरून फाइल वाचत आलं आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे साठवणीच्या तीन आकड्यांचं, असतं. हलन्ताचा म्हणजे पाय मोडण्याच्या खुणेचा तिसरा बाइट असा आहे, की त्या पाश्चात्त्य कोष्टकात त्या जागी काहीच नाही. ऱ्हस्व उकाराचंही तेच. म्हणून पहिलं जोडाक्षर किंवा पहिला ‘कु’ आला की वाचन तिथेच अडतं. फाइल उघडताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा.

एरर न येता मजकुरात डोक्यावर तिरकी खूण असलेले रोमन ए आणि मधेमधे चलनाची चिन्हं दिसत असतील तर कारण तेच आहे. अशी फाइल सेव्ह करू नका. बंद करा आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडा.

फाइल युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे कसं ओळखायचं?

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. वर्डमध्ये एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा गोंधळ दिसला तर जुना फॉन्ट. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव आणि सी-डॅकचे डीव्ही-टीटी सुरेख, डीव्ही-टीटी योगेश हे सगळे त्यातले. तिथे मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. रोमन कोडच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात.

फायली शेकड्यांनी असतील तर हे कामही स्क्रिप्टला द्या. फाइलीतली किती टक्के चिन्हं युनिकोडने देवनागरीला नेमून दिलेल्या क्रमांकांच्या पट्ट्यात येतात ते मोजायचं, आणि ज्या फाइलीत ती जवळजवळ शून्य असतील ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची.

आमच्या स्मरणिका पेजमेकरमध्ये आहेत. स्क्रिप्ट त्या थेट वाचेल का?

नाही. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. तिची फाइल बाहेरच्या साध्या स्क्रिप्टला उलगडत नाही. ज्या डीटीपी सेंटरमध्ये ते जुनं मशीन अजून चालू आहे, तिथे जाऊन मजकूर आरटीएफ स्वरूपात एक्स्पोर्ट करून घ्या. हे काम पुढे ढकलू नका. अशी मशीनं दरवर्षी भंगारात जातात आणि फाइल उघडण्याचा मार्गही त्यांच्याबरोबर जातो.

साध्या टेक्स्टऐवजी आरटीएफ घ्या, कारण त्यात कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये आहे याची नोंद राहते. स्मरणिकेत इंग्रजी जाहिराती, ईमेल पत्ते, डॉक्टरांच्या पदव्या असतात. साध्या टेक्स्टमध्ये सगळी रोमन अक्षरं एकत्र होतात, आणि मग स्क्रिप्ट ‘एम.बी.बी.एस.’लाही मराठी समजून त्याचं भलतंच काहीतरी करते.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणायची स्क्रिप्ट कशी चालते?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यायला हवा, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट कोष्टकाची. डावीकडे जुन्या फॉन्टचा कोड, उजवीकडे युनिकोड. हे कोष्टक फॉन्टनुसार बदलतं, त्यामुळे एका फॉन्टसाठी केलेलं दुसऱ्यावर डोळे झाकून चालवू नका. बदल करताना लांब तुकडे आधी घ्या, छोटे नंतर. कृतिदेवमध्ये ‘ख’ हा दोन तुकड्यांत असतो, अर्धा ख आणि उभा दंड. तोच दंड कान्यासाठीही वापरला जातो. स्क्रिप्टने आधी सुटा दंड कान्यात बदलला तर प्रत्येक ‘ख’चा पाय मोडून त्याला कानाही लागतो. आधी ‘ख’ची जोडी, मग सुटा अर्धा ख, शेवटी दंड हाच क्रम पाहिजे.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. जुने फॉन्ट मजकूर जसा दिसतो तसा साठवतात. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी. त्यामुळे कोष्टकाचं काम झालं की प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनामागे न्यावी लागते. पुढे जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या मागे न्यायची. ‘स्थिती’त ती ‘स्’ आणि ‘थ’च्या मधे अडकली तर शब्द मोडतो.

तिसरी गोष्ट रफाराची, आणि तिथे उलट आहे. रफार वर उजवीकडे दिसतो, म्हणून तो अक्षरानंतर, बहुतेकदा काना-मात्रेच्याही नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त त्या अक्षराच्या आधी हवेत. म्हणजे रफार दिसला की मागे चालत जायचं, काना-मात्रा ओलांडायच्या, जोडाक्षर ओलांडायचं आणि त्याच्या आधी ‘र्’ ठेवायचा.

या सगळ्याची परीक्षा घेणारा एक शब्द म्हणजे ‘वार्षिक’. त्यात ‘ष’च्या डावीकडे वेलांटी आहे आणि डोक्यावर रफार. स्क्रिप्टने तो नीट दिला तर मोठं काम झालं. त्यानंतर ‘निर्मिती’, ‘कर्तृत्व’, ‘मूर्तिकार’, ‘ज्येष्ठ’, ‘उद्घाटन’ चालवून पाहा. स्मरणिकेत हे शब्द हमखास असतात.

पीडीएफमधून कॉपी केलं की अक्षरं मागेपुढे होतात. का?

पीडीएफ छापण्यासाठी बनलेली आहे. तिच्यात अक्षरांची चित्रं आणि त्यांच्या जागा असतात. कुठलं चित्र म्हणजे कुठलं अक्षर याची नोंद असेलच असं नाही, आणि असली तरी देवनागरीत ती बऱ्याचदा अपुरी असते. पॉप्लर या मोफत संचातली पीडीएफ-टू-टेक्स्ट ही आज्ञा आधी चालवून बघा. मजकूर वाचण्यासारखा आला तर उत्तम. जोडाक्षरं गळत असतील, वेलांट्या उडत असतील तर तिच्याशी झगडू नका. पानांची चित्रं करून ओसीआरकडे, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जा.

स्कॅन केलेल्या पानांचं काय?

टेसरॅक्ट हे ओसीआर वापरा. ते मोफत आहे, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांची मॉडेल आहेत आणि दोन्ही एकाच वेळी देता येतात. आपल्याकडच्या कागदांवर दोन्ही लिप्या शेजारीशेजारी असतात, त्यामुळे ही सोय फार उपयोगी पडते. पान ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि सरळ ठेवा. मोबाइलने काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो दिला तर उत्तरही तसंच येईल. हस्ताक्षरासाठी याच्यावर विसंबू नका.

वर्डच्या फाइलीतला मजकूर आला, पण तक्ते गायब आहेत.

पायथॉनच्या डॉकएक्स लायब्ररीत (वर्डच्या फायली वाचणाऱ्या तयार कोडच्या संचात) परिच्छेद आणि तक्ते वेगवेगळे मागावे लागतात. परिच्छेद मागितले तर तक्त्यातला मजकूर येत नाही. आपल्या संस्थांच्या फायलींत देणगीदारांची यादी नेमकी तक्त्यात असते, तेव्हा हे विसरू नका. एक्स्टेन्शनच्या शेवटी एक्स नसलेली जुनी वर्ड फाइल असेल तर लिब्रेऑफिसमध्ये उघडून आधी नव्या स्वरूपात सेव्ह करा.

यादी कन्नडमध्ये आहे. सभासदांची नावं देवनागरीत हवी आहेत. स्क्रिप्टने होईल?

होईल, आणि सुरुवात वाटते त्याहून सोपी आहे. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे पट्टे एकाच आराखड्यावर बेतलेले आहेत. देवनागरी ‘क’चा क्रमांक आणि कन्नड ‘क’चा क्रमांक यांत ८९६ चं अंतर आहे. ‘ख’मध्ये तेच, ‘म’मध्ये तेच, काना आणि अनुस्वारातही तेच. म्हणजे प्रत्येक कन्नड चिन्हाच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की देवनागरी मिळते. मूळ फाइल नुडी किंवा बरह या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर मात्र आधी कन्नड युनिकोड करून घ्या. त्यानंतर युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर निरनिराळ्या प्रकारे साठवलेलं असेल तर त्याचं एक रूप करणं) चालवा, नाहीतर तुकड्यांत साठवलेले दीर्घ एकार आणि ओकार वजाबाकीत बिघडतात.

वजाबाकी झाल्यावर जे मिळतं ते वाचता येतं, पण मराठी नसतं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत. ते देवनागरीत वेगळ्या मात्रांनी उतरतात, म्हणून ‘बॆळगावि’ असं काहीतरी दिसतं. त्या मात्रा नेहमीच्या मात्रांत बदला. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार-उकार दीर्घ करा : ‘मारुति’चं ‘मारुती’, ‘विष्णु’चं ‘विष्णू’. आणखी एक नियम आपल्या भागात फार लागतो. कन्नडमध्ये आडनाव ‘देसायि’ असं लिहितात आणि बायकांच्या नावांत ‘लक्ष्मीबायि’. शब्दाच्या शेवटी ‘आयि’चा उच्चार आला की ‘आई’ करा, म्हणजे ‘देसाई’ आणि ‘लक्ष्मीबाई’ मिळतात.

गावांच्या नावांना मात्र नियम लावत बसू नका, त्यांचा तक्ता करा. ‘निप्पाणि’ म्हणजे निपाणी, ‘चिक्कोडि’ म्हणजे चिकोडी, ‘खानापुर’ म्हणजे खानापूर, ‘यळ्ळूर’ म्हणजे येळ्ळूर. तालुक्यातल्या गावांची यादी एकदा बसून केली की ती पुढे प्रत्येक कामाला येते. तशीच बेळगावचीही करा. जुन्या कागदांत बेळगाव आणि बेळगांव, १ नोव्हेंबर २०१४ च्या अधिकृत नामबदलानंतरच्या कागदांत बेळगावी, इंग्रजीत दोन वेगळी स्पेलिंग. शोधासाठी ही सगळी एका खुणेखाली आणा, पण मूळ कागदावर जे लिहिलंय ते दुसऱ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवा. त्या त्या वेळी काय लिहिलं गेलं, ही नोंद पुसायचा अधिकार स्क्रिप्टला नाही.

माणसांच्या नावांबाबत माझं मत ठाम आहे. नियमात बसलं नाही ते नाव स्क्रिप्टने अंदाजाने ठरवायचं नाही. ते ‘तपासा’ अशा वेगळ्या यादीत टाकायचं आणि त्या गल्लीतल्या माणसाला विचारायचं. एका अक्षराच्या फरकाने लोकांना दाखल्यांसाठी हेलपाटे घालावे लागतात. त्यात आपल्या यादीने भर घालू नये.

जमिनीच्या उताऱ्यातले आकडे स्क्रिप्टने बेरीज करून चुकीचे येतात.

कर्नाटकातल्या आरटीसी उताऱ्यात क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असं टिंबांनी जोडून दिलेलं असतं. २.२०.०० म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते झाले अडीच एकर. स्क्रिप्टने पहिलं टिंब दशांशचिन्ह समजलं तर ते दोन पूर्णांक दोन दशांश एकर होतात आणि बारा गुंठे हवेत विरतात. म्हणून टिंबांवर तुकडे करा, सगळ्याचे आणे करा (सोळा आण्यांचा गुंठा), बेरीज करा आणि मग परत एकर-गुंठ्यांत मांडा. ज्यांची जमीन सीमेच्या पलीकडेही आहे त्यांचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा, एकाच रकान्यात मिसळू नका.

आकडे देवनागरीत किंवा कन्नडमध्ये असले तरी पायथॉनला ते अंक म्हणून कळतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधला की सापडत नाही.

मराठीत दोन ठिकाणी हे हमखास होतं. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एकात मुळातच वेगळा असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी निराळे. तसंच ‘ॲ’चं. एकसंध ‘ॲ’ वेगळा, आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला वेगळा. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने या दोन जोड्या एक होत नाहीत. त्यामुळे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच दोन ओळी घालून एकच रूप ठरवून टाका. न दिसणारी इतर चिन्हं आणि जोडीने आलेल्या मोकळ्या जागाही तिथेच साफ करा.

शब्द मोजायला गेलं तर ‘बेळगाव’चे तीन तुकडे होतात.

पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत) शब्द ओळखणारी खूण, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू, काना-मात्रांना अक्षर मानत नाही. म्हणून ‘ब’, ‘ळग’, ‘व’ असे तुकडे पडतात. त्या खुणेऐवजी देवनागरीचा अख्खा पट्टा द्या (त्यातले पूर्णविरामाचे दंड वगळून) किंवा रेजेक्स नावाची वेगळी लायब्ररी वापरा.

ग्रंथयादी अकारविल्हे लावली तर ‘काळे’ हे ‘काशीद’च्या आधी येतात.

कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आहे आणि आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. क्रम लावण्यापुरती नावाची एक नक्कल करा, तिच्यात ‘ळ’च्या जागी ‘ह’च्या पुढचं एखादं चिन्ह घाला आणि त्या नकलेवर क्रम लावा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यायचे की ‘क’ आणि ‘ज’खाली, हे मात्र ग्रंथपालांनी ठरवावं.

फोन नंबर आणि पिनकोड वेगळे काढायचे आहेत.

मोबाइल दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ मधल्या अंकाने. जिल्ह्यातले पिनकोड ५९० किंवा ५९१ ने सुरू होतात आणि सहा आकडी असतात. जुन्या याद्यांत बेळगावचे लँडलाइन नंबर नुसते सात आकडी लिहिलेले दिसतील, त्यांना ०८३१ जोडा. आधी मोबाइल काढून घ्या, मग पिन शोधा. नाहीतर मोबाइलच्या पोटातले सहा आकडे पिन म्हणून निघतात.

एक्सेलमध्ये उघडलं की पुन्हा गोंधळ होतो.

सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. त्याने फाइलीच्या सुरुवातीला एक खूण बसते आणि एक्सेल मराठी ओळखतं. फोनचा रकाना मजकूर म्हणून आयात करा, नाहीतर ०८३१ मधलं शून्य उडतं.

ऑनलाइन कन्व्हर्टरवर सभासद यादी टाकली तर चालेल?

नको. त्यात लोकांचे पत्ते, नंबर, कधी खात्यांचे क्रमांक असतात. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. तो नसता तरी सभासदांनी विश्वासाने दिलेली माहिती अनोळखी वेबसाइटवर टाकणं बरोबर नाही. छापून झालेली कविता किंवा लेख टाकायला हरकत नाही. याद्या आपल्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवूनही होतात.

काम बरोबर झालं की नाही, कसं तपासायचं?

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. तिची प्रत करून मूळ ‘फक्त वाचा’ करून ठेवा, आणि स्क्रिप्टने नेहमी नव्या फाइलीतच लिहावं. मग नोंदी मोजा. आत बाराशे सभासद गेले असतील तर बाहेर बाराशेच यायला हवेत. त्यानंतर मजकुरात कुठे रोमन अक्षरं उरली, कुठे शब्द मात्रेने सुरू होतो, कुठे एकावर एक दोन मात्रा आल्या, याची यादी स्क्रिप्टकडूनच काढून घ्या. मराठीत असं होत नाही, त्यामुळे यातली जवळजवळ प्रत्येक जागा म्हणजे चूक.

शेवटी दोघांनी बसायचं. एकाने छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून बघायचं. सगळी पानं शक्य नसतील तर मधली मधली घ्या, पण माणसांच्या नावांची पानं सगळी.

सगळं झाल्यावर फायली कुठे ठेवायच्या?

यूटीएफ-८ मधली साधी टेक्स्ट फाइल ही मुख्य प्रत. तिला कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. तिच्यासोबत मूळ फाइल, मूळ फॉन्ट, स्क्रिप्ट, गावांच्या नावांचा तक्ता आणि कुठल्या फॉन्टसाठी कुठलं कोष्टक वापरलं याची अर्ध्या पानाची टीप, असं सगळं एकाच फोल्डरमध्ये राहू द्या. एक प्रत संस्थेत, एक दुसऱ्या गावातल्या वाचनालयात. आणि गावांचा तक्ता शेजारच्या संस्थांना मागण्याआधीच देऊन टाका, म्हणजे येळ्ळूरच्या लोकांनी केलेलं काम कडोलीत पुन्हा करावं लागणार नाही.